भाडोत्री आणि पीर : सीताबर्डीच्या शिपायांविषयीचे आपले लेखन

गेल्या १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपल्यावर आठवीच्या काही मुलांना घेऊन मी सीताबर्डीच्या किल्ल्यावर गेले होते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. वर्षातले मोजकेच दिवस तो लोकांसाठी उघडतात आणि त्या दिवशी अर्धे नागपूर तिथे लोटते. मुलांनी तटावरून शहर पाहिले, रेल्वे स्टेशन ओळखले, आपापल्या मोहल्ल्यांच्या मशिदींचे मिनार शोधले. मग आम्ही त्या लांबलचक कबरीपाशी आलो, जिला लोक नऊगजी अली बाबा म्हणतात. काही बायका फातिहा पढत होत्या. थोड्या अंतरावर १८१७ च्या लढाईत पडलेल्या इंग्रजांचे कबरस्तान आहे, हे मी मुलांना सांगितले. एका मुलीने विचारले, "टीचर, इस लड़ाई में अपने लोग किसके तरफ से थे?"

मी इतिहास शिकवते. वर्गात असे प्रश्न येतात आणि त्यांची तयार उत्तरे असतात. इथे मात्र मला थांबावे लागले. कारण खरे उत्तर 'दोन्हीकडून' असे होते आणि तेवढे सांगून त्या मुलीचे समाधान होणार नाही हे मला कळत होते. तिला माणसे हवी होती. माझ्याकडे पलटणींचे आकडे होते.

त्यानंतर वर्षभर या लढाईवरचे जे मिळेल ते मी वाचत राहिले. हा लेख त्या वाचनाविषयी आहे. लढाईचा नवा इतिहास सांगण्याचा माझा दावा नाही, तो माझा अधिकारही नाही. सीताबर्डीला लढलेल्या शिपायाविषयी, विशेषतः तिथल्या मुसलमान शिपायाविषयी, आपण कसे लिहितो आणि कसे बोलतो, एवढेच मला तपासायचे आहे.

आधी घटना. १८१७ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ खडकीला पेशव्याची आणि इंग्रजांची लढाई झाली. नागपूरच्या गादीवर आप्पासाहेब भोसले होते. मे १८१६ मध्ये त्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला होता, पण आता त्यांचे मन पेशव्याकडे वळले. पेशव्याकडून आलेली सेनासाहेब सुभा ही पदवी आणि वस्त्रे त्यांनी समारंभाने स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने आपली फौज सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आणून बसवली. कर्नल हॉप्टन स्कॉट तिचा सेनापती होता. मद्रासच्या पायदळाच्या दोन पलटणी, बंगालच्या सहाव्या घोडदळाच्या तीन तुकड्या, रेसिडेंटचे रखवालदार आणि चार तोफा, अशी सगळी मिळून सुमारे चौदाशे माणसे. भोसल्यांची फौज अठरा हजारांच्या आसपास होती असे इंग्रजी वृत्तांत सांगतात. जिंकलेल्याने मोजलेला शत्रूचा आकडा थोडा हातचा राखूनच वाचावा. पण तीनेक हजार अरब हे त्या फौजेचे मुख्य बळ होते, याविषयी सगळ्यांचे एकमत आहे.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि रात्रभर चालला. उत्तरेकडची टेकडी लहान आणि सखल. तिथल्या मद्रासी पलटणीचा कॅप्टन सॅडलर मारला गेला. २७ च्या सकाळी कंपनीचा दारूगोळ्याचा गाडा पेटला, गोंधळ झाला, आणि अरबांनी ती टेकडी घेतली. तिथून मोठ्या टेकडीवर तोफ लागू झाली. जेंकिन्सचा साहाय्यक सोथबी त्याच्या जवळच ठार झाला. फिट्झगेराल्ड नावाच्या कॅप्टनने नाला ओलांडून घोडदळ घातले आणि दोन तोफा हिसकावल्या. मग लहान टेकडीवर पुन्हा एक स्फोट झाला, या वेळी अरबांच्या मध्ये. ती संधी साधून कंपनीच्या शिपायांनी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत सारे संपले. कंपनीची ३६७ माणसे मेली किंवा जखमी झाली, म्हणजे चारांतला एक.

ही हकीकत मी ज्या क्रमाने सांगितली तिच्यात किती नावे आली ते वाचकांनी पाहावे. जेंकिन्स, स्कॉट, सॅडलर, सोथबी, फिट्झगेराल्ड. मी मुद्दाम काही वगळले नाही. आपल्याला मिळालेली हकीकतच अशी आहे. व्हॅलेंटाइन ब्लॅकरचा १८२१ चा ग्रंथ, प्रिन्सेपचा इतिहास, ग्रँट डफ, पुढे सरकारी गॅझेटियर, सगळीकडे हीच नावे फिरतात. फिट्झगेराल्डची तर गोष्टच झाली आहे. त्याने हल्ल्याची परवानगी मागितली. स्वतःच्या जबाबदारीवर करायचा तर कर, असे उत्तर वरून आले, आणि तो ती जबाबदारी घेऊन निघाला. गोष्ट छान आहे. मुलांना सांगितली की डोळे मोठे होतात. पण कथनाच्या दृष्टीने पाहिले तर या लढाईत संवाद त्या एका माणसाच्या वाट्याला आला आहे. त्याला निर्णय आहे, धोका पत्करणे आहे, मन आहे. ज्यांनी रात्रभर गोळ्या खात चढून टेकडी घेतली त्यांना ना संवाद, ना नाव. ते फक्त 'अरब' आहेत, पूर यावा तसे येतात आणि ओसरतात.

युद्धअहवालांचा साचाच असा असतो. गोरा अधिकारी नावानिशी, बाकीचे रकान्यांत. सुभेदार इतके, जमादार इतके, हवालदार, नाईक, शिपाई इतके. म्हणजे नाव नाही ही तक्रार एकट्या अरबांची नाही. टेकडीवर कंपनीकडून उभे असलेले मद्रासी पलटणींचे शिपाईही तसेच बेनाव राहिले. त्यांच्यात तेलुगू होते, तमिळ होते आणि दखनी बोलणारे मुसलमानही होते. तेव्हा त्या मुलीला 'दोन्हीकडून' असे सांगणे बरोबरच होते.

या मद्रासी पलटणींपैकी एकीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण आपल्याकडच्या लेखनात तिचा मला कुठे उल्लेख सापडला नाही. जुलै १८०६ मध्ये वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी उठाव केला होता. टिपू सुलतानाचे मुलगे तेव्हा तिथे नजरकैदेत होते. शिपायांनी टिपूचे निशाण चढवले. उठाव चिरडला गेला आणि त्यात सामील झालेल्या पलटणींचे नंबर यादीतून खोडून टाकण्यात आले. त्यांतल्या एका जुन्या आणि मानाच्या पलटणीतल्या, उठावापासून दूर राहिलेल्या माणसांतून नव्या नंबरची पलटण उभारली गेली, चोविसावी. सीताबर्डीच्या लहान टेकडीवर होती ती हीच. लढाईनंतर त्या शिपायांनी बक्षीस म्हणून काय मागावे? आपला जुना नंबर. तो त्यांना परत मिळाला आणि ते पुन्हा मद्रासची पहिली पलटण झाले. पैसा नव्हे, जमीन नव्हे, नंबर. अकरा वर्षे ही माणसे एक आकडा मनात बाळगून होती. पगारावर लढणाऱ्याला मन नसते असे ज्यांना वाटते त्यांनी या मागणीचा विचार करावा. तिच्याविषयी मला पूर्ण आदर वाटतो आणि तिचे दुःखही होते, कारण तो आकडा त्यांनी कोणाच्या प्रेतांवरून चालत जाऊन परत मिळवला तेही मला दिसते.

आता अरबांकडे येते. मराठीत त्यांच्या मागे एक विशेषण ठरलेले आहे, 'भाडोत्री'. शाळेच्या गाइडपासून व्याख्यानांपर्यंत ते आपोआप येते. शब्द खोटा आहे असे मी म्हणणार नाही. हे लोक बहुतेक करून येमेनच्या हदरमौत भागातून आलेले, हैदराबाद, बडोदा, नागपूर अशा दरबारांत चाकरीला लागलेले. त्यांचा जमादार आपली टोळी घेऊन येई, पगाराचा करार त्याच्याशी होई. इतर शिपायांपेक्षा अरबाला पगार जास्त मिळे. थकबाकीसाठी धरणे धरून बसणे, सावकारीत पडणे, कर्जदाराला धमकावणे हेही त्यांनी केले. ते संत नव्हते.

प्रश्न असा की हे विशेषण एकालाच का? कंपनीचा शिपाईही पगारावर होता. बंगालच्या पायदळातला शिपाई १८५७ पर्यंत महिना सात रुपयांवरच लढत राहिला. भोसल्यांचा स्वार काय धर्मार्थ घोड्यावर बसत होता? त्या काळी देश म्हणून लढणारे कोणी नव्हते, मीठ म्हणून लढणारे होते. पण मद्रासचा शिपाई आपल्या लेखनात 'शिपाई' राहतो आणि हदरमौतचा 'भाडोत्री' होतो. इथे विशेषण माहिती देत नाही, निकाल देते.

हा निकाल कुठून आला याचा एक धागा मला त्या दिवसांच्या घडामोडीतच सापडतो. लढाई हरल्यावर आप्पासाहेबांनी रेसिडेंटकडे वकील पाठवले, झाल्या प्रकाराबद्दल खेद कळवला आणि हल्ला आपल्या हुकुमाने झालाच नाही असे सांगितले. फौजेने परस्पर केले. राजाला गादी वाचवायची होती, त्याची अडचण मी समजू शकते. पण दोन्ही बाजूंच्या कागदांत शिपायाला इथे बेवारस करून टाकले. इंग्रजांच्या लेखी ते शत्रू होतेच, आता धन्याच्या लेखीही ते हुकूम न ऐकणारे दंगेखोर झाले. आपले मराठी इतिहासलेखन पुढे या दोन कागदांमधूनच वाढले. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर मोलाची आहे, पण ती जेंकिन्सच्याच सांगण्यावरून लिहिलेली आहे हे तिचा आधार घेताना आपण विसरतो. ती छापून आणली यादव माधव काळे यांनी, १९३६ साली. त्याआधी १९३४ मध्ये त्यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' आला होता. बुलढाण्याच्या या वकिलाचे विदर्भावर फार उपकार आहेत. त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार त्यांच्यानंतरच्या आपणा सर्वांविषयी आहे, ज्यांनी त्यांच्या पुढे जाऊन नवा कागद उघडला नाही आणि विशेषणे मात्र उघडून उघडून वापरली.

आणि तरीही जुन्या छापील वृत्तांतातसुद्धा, नीट वाचले तर, दुसरी गोष्ट मिळते. डिसेंबरात जनरल डोव्हटन मोठी फौज घेऊन आला. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत जाऊन बसले. त्याच दिवशी सक्करदऱ्याला उरलेल्या फौजेचा पराभव झाला. राजा शत्रूच्या तंबूत, तोफा गेलेल्या. भाडोत्री माणसाने इथे काय करावे? निघून जावे. हे अरब मात्र हिंदुस्थानी शिपायांबरोबर शहरात शिरले आणि राजवाड्याभोवतीचा भाग धरून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला केला. तो हल्ला फसला. आज त्या दरवाजाला गांधी गेट म्हणतात. महालात जाणारा प्रत्येक नागपूरकर त्याखालून जातो, पण कंपनीची फौज तिथून मागे हटली होती हे दहांतल्या एकालाही ठाऊक नसेल. आपण सीताबर्डीचा पराभव पाठ केला आणि जुम्मा दरवाजा विसरलो.

त्यांची थकबाकी होती म्हणून ते अडून बसले, असे म्हणतात. असेलही. त्यात कमीपणा कसला ते मला कळत नाही. मी स्वतः शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढली आहेत आणि मानधन चार-चार महिने लांबले की स्टाफरूममध्ये काय बोलणे होते ते मला माहीत आहे. आम्हांला कोणी भाडोत्री मास्तर म्हणाले नाही.

३० डिसेंबरला ते शहर सोडून गेले. ज्या अटींवर गेले त्या ब्लॅकर आणि प्रिन्सेप यांच्या काळापासून छापलेल्या आहेत. जिवाची हमी, खासगी सामान बरोबर नेण्याची मुभा, एका इंग्रज अधिकाऱ्याच्या सोबतीने मलकापूरपर्यंत पोचवणे, आणि असीरगडात न शिरण्याचे त्यांचे वचन. या अटींत एक शब्द आहे, त्यावरून वाचणारे सगळे पुढे जातात. 'कुटुंबे'. बायकामुलांसह त्यांना जाऊ द्यायचे होते.

हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. तीन हजार माणसांचा तांडा हदरमौतहून बायकामुले घेऊन आला नसणार. म्हणजे ती घरे नागपुरात झाली होती. त्या बायका इथल्या असणार, ती मुले इथे जन्मलेली, इथली बोली बोलणारी. तहनाम्यातले हे एक कलम 'वाटसरू भाडोत्री' ही आपली कल्पना मोडीत काढायला पुरेसे आहे. त्यांनी शहर का धरले याचेही एक साधे उत्तर त्यात आहे. त्यांची घरे तिथे होती. डिसेंबरच्या थंडीत, दोनशे कोसांवरचे नव्हे, आपल्याच गल्लीतले घर सोडून ती बायकामुले मलकापूरच्या वाटेला लागली असतील. त्या वाटेवर कोण राहिले, कोण कुठे उतरले, बुलढाणा-अकोल्याच्या कोणत्या गावात कोण मिसळून गेले, याचा शोध घ्यायला एखादी कादंबरी पुरे पडली नसती. मराठीत ती लिहिली गेली नाही. आणि हा दोष बिगरमुस्लिम लेखकांवर लोटून मला मोकळे व्हायचे नाही. मुस्लिम मराठी साहित्याने गेल्या तीन-चार दशकांत दंगल लिहिली, तलाक लिहिला, बेकारी लिहिली, दोन भाषांच्या मधली घुसमट लिहिली. ते सारे लिहिणे भागच होते. पण आपल्या शहरांच्या जुन्या वेशीकडे आपण पाहिले नाही.

पाहिले तेव्हा वेगळ्याच चुकीने पाहिले. तिच्याकडे वळण्याआधी त्या लांब कबरीकडे परत जावे लागेल.

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. तीनच वर्षांनी, १३ जून १८५७ च्या रात्री, टाकळीच्या छावणीतल्या घोडदळाने उठायचे ठरले होते. बेत फुटला, कामठीची मद्रासी फौज इंग्रजांच्या बाजूने राहिली, राजघराण्यातल्या वृद्ध बाकाबाईंनीही आपले वजन इंग्रजांकडे टाकले. घोडदळाच्या काही देशी अधिकाऱ्यांना फाशी झाली. लोकपरंपरा सांगते की किल्ल्यावरची कबर टिपू सुलतानाचा नातू नवाब कादर अली आणि त्याचे आठ साथी यांची आहे, त्यांना फाशी देऊन प्रेते किल्ल्याच्या दरवाजावर टांगली होती. एक आणि आठ, नऊ. कबरीची लांबी नऊ गज. म्हणून नऊगजी.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाचा कान इथे अडकतो. 'गज' गाफने आणि 'गाज़ी' ग़ैनने सुरू होतो. उर्दू लिपीत या दोन शब्दांची गल्लत होऊच शकत नाही. मराठीत आणि नागपुरी बोलीत मात्र 'नऊगजी' आणि 'नऊ गाजी' यांच्यात एका कान्याचे अंतर उरते. उत्तर हिंदुस्थानात नौगजे पीर ठिकठिकाणी आहेत. लांब कबर दिसली की तिला नऊ गजांची म्हणायचे आणि आत कोणी असामान्य उंचीचा पीर मानायचा, अशी ती जुनी रीत आहे. म्हणजे इथे दोन शक्यता एकमेकींत मिसळल्या आहेत. नऊ गाज़ींची कबर लोकांच्या तोंडी नऊ गजांची झाली, की जुन्या नऊगजी पिराला पुढे नऊ हुतात्मे मिळाले? नुसत्या नावावरून हे ठरत नाही. टिपूचे कुटुंब तर वेल्लोरच्या उठावानंतर कलकत्त्याला हलवले गेले होते, तेव्हा नागपूरच्या घोडदळात त्याचा नातू कसा, हेही कोणीतरी विचारायला हवे. नावे जुळवून गोष्ट करण्याची आपल्या गावाला हौस आहेच. सीताबर्डी हे नाव शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन भावांवरून पडले, असे आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्याचा पुरावा कोणी मागत नाही.

मी श्रद्धेची थट्टा करीत नाही. फातिहा पढणाऱ्या त्या बायकांमुळेच ती जागा जिवंत राहिली. सरकारी कागदाने ज्यांना बंडखोर म्हणून फासावर दिले त्यांना लोकांनी पीर करून वाचवले, ही स्मृतीची मोठी ताकद आहे. पण पीर झाला की माणूस प्रश्नांच्या पलीकडे जातो. त्याचे गाव, त्याचा हुद्दा, त्याला काय हवे होते, त्याने कोणाबरोबर बेत केला, हे मग कोणी विचारत नाही. मन्नत मागितली जाते, माहिती मागितली जात नाही.

असा हा आपला हिशेब आहे. १८१७ चा मुसलमान शिपाई पुस्तकात भाडोत्री झाला, १८५७ चा दर्ग्यात पीर झाला. मधला शिपाई, म्हणजे भीती वाटणारा, पगार मोजणारा, घर असलेला, मित्र असलेला माणूस, कुठेच नाही. शब्दांचेही असेच झाले आहे. सिपाही हा फारसी शब्द मराठीत येऊन शिपाई झाला आणि आज आमच्या शाळेत तो घंटा वाजवतो. शंभर माणसांचा सरदार तो जमादार, आज त्या शब्दाने आपण कोणाला हाक मारतो ते सांगायला नको.

आता त्या तिसऱ्या चुकीकडे. अलीकडे आपल्यात एक लेखनप्रकार फोफावला आहे. 'जंग-ए-आज़ादी में मुसलमान' अशा नावाची पुस्तिका, मोबाइलवर फिरणारी यादी, जलशातले भाषण. त्यात टिपू येतो, बहादूरशाह जफर येतो, अशफाकउल्ला येतो आणि हल्ली सीताबर्डीचे अरबही येऊ लागले आहेत, 'आज़ादी के मुजाहिद' म्हणून. भावना मला समजते. उठता-बसता ज्याच्याकडे निष्ठेचा दाखला मागितला जातो तो आजोबांचे कागद शोधणारच. पण हेही वाचन नव्हे. अरब स्वातंत्र्यासाठी लढले नाहीत, मद्रासचे मुसलमान शिपाई गद्दार नव्हते. दोघांवरही आजचा शब्द लादला की दोघेही पुन्हा हरवतात. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला आपल्यासाठी चारित्र्याचा दाखला लिहायला बसवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. पूर्वीच्यांनी त्याला भाडोत्री म्हटले, आपण त्याला फुकटात कामाला लावतो.

मग करायचे काय, असे कोणी विचारेल. एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. सीताबर्डीनंतर पाचच आठवड्यांनी, १ जानेवारी १८१८ ला, भीमा कोरेगावची लढाई झाली. तिथेही पेशव्याकडून अरब लढले, तिथेही कंपनीचे देशी शिपाई होते. फरक असा की कोरेगावला कंपनीने स्तंभ उभारला आणि त्यावर मेलेल्या देशी शिपायांची नावे कोरली. इंग्रजांनी ते आपल्या विजयासाठी केले, शिपायांच्या प्रेमासाठी नव्हे. पण नावे कोरली गेली. त्यांत 'नाक' लागलेली बावीस नावे होती. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि त्या नावांना वाचणारे लोक मिळाले. त्या वाचनावर वाद आहेत, होऊ देत. वाद घालायला नाव तरी आहे. सीताबर्डीला लढाईचा मान पलटणींच्या निशाणांवर गेला. त्या पहिल्या मद्रास पलटणीचा वारसा सांगणारी तुकडीही पुढे १९३३ मध्ये मोडली गेली. जो नंबर परत मिळवण्यासाठी ते शिपाई झुरले होते तो आता कोणाच्याच खांद्यावर नाही.

नागपूर रेसिडेन्सीच्या कागदांतून निवडलेले खंड एच. एन. सिन्हा यांच्या संपादनाखाली १९५० च्या दशकात छापले गेले, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते त्या दिवसांत. ते इंग्रजी कागद आहेत आणि साहेबाच्या बाजूने बोलतात, तरी ते कसे वाचायचे हे 'कुटुंबे' या एका शब्दाने मला शिकवले. फौजेचा हिशेब ठेवणारे कागद मात्र मोडीत असणार, दरबारी पत्रव्यवहारातला बराचसा फारसीत. आपल्यातल्या उर्दू शिकलेल्यांना फारसी लिपी येते, मराठी शिकलेल्यांना मोडी शिकता येते. दोन्ही एका डोक्यात असलेली माणसे मुस्लिम मराठी लेखकांतच निघतील. दुसऱ्या कोणाकडे हे काम सोपवता येईल असे मला दिसत नाही.

त्या मुलीला मी अखेर काय सांगितले? दोन्हीकडून होते, असेच सांगितले. तिने विचारले, नावे काय होती? मी म्हटले, शोधते.

सध्या मी रविवारी मोडीच्या वर्गाला जाते. वर्गात माझ्यासारखे पोक्त विद्यार्थी दोन-तीनच आहेत. अक्षरे एकमेकांचा हात सोडत नाहीत आणि लिहिणारा कुठे थांबला ते कळत नाही. 'जमादार' हा शब्द आता ओळखू येतो. त्याच्यापुढचे नाव लावायला मात्र अजून वेळ लागतो.